रिओतली साओ क्रिस्तोवाओची फेइरा: जायच्या आधी सगळे विचारतात ते प्रश्न

रिओला येणारे मराठी लोक, ओळखीचे आणि ओळखीच्यांच्या ओळखीचे, मला साधारण एकच लिस्ट पाठवतात. ख्रिस्ताचा पुतळा, शुगरलोफ, कोपाकबाना, माराकाना, झालं. मी त्यांना सांगते की एक रात्र फेइरासाठी मोकळी ठेवा, आणि मग प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. दरवेळी तेच प्रश्न असतात म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढली, म्हणजे कुणाला अर्धवट सांगितलं असं व्हायला नको.

फेइरा म्हणजे नक्की काय? हॉटेल आहे, बाजार आहे की जत्रा?

तिन्ही. फेइरा म्हणजे बाजार. कागदोपत्री नाव मोठं आहे, सेंत्रो लुईझ गोंझागा दे त्रादिसोइस नोर्देस्तिनास, म्हणजे ईशान्य ब्राझीलच्या परंपरांचं लुईझ गोंझागा केंद्र, पण टॅक्सीवाल्याला नुसतं "फेइरा दे साओ क्रिस्तोवाओ" म्हटलं तरी तो बरोबर नेतो. रिओच्या नॉर्थ झोनमध्ये एक प्रचंड लंबगोल पॅव्हेलियन आहे, सेर्जिओ बेर्नार्देस नावाच्या आर्किटेक्टनं प्रदर्शनांसाठी आखलेलं. त्याचं मूळचं केबलवर टांगलेलं छत पुढं टिकलं नाही, भिंतींचं कडं तेवढं राहिलं. त्या कड्याच्या आत सातशेच्या आसपास स्टॉल आहेत. त्यात जेवणाची हॉटेलं, मसाल्याची आणि चीजची दुकानं, चपला, झोळ्या (हॅमॉक म्हणतात त्या), गावठी औषधं, आणि दोन टोकांना दोन मोठी स्टेजं. एका स्टेजला झ्वांउ दो वाली यांचं नाव दिलंय आणि दुसऱ्याला जॅक्सन दो पांदेइरो यांचं, दोघंही ईशान्येचे मोठे गायक. आतल्या गल्ल्यांनाही तिकडच्या राज्यांची, गावांची नावं आहेत.

रिओ तर दक्षिणेकडं आहे ना? मग तिथं ईशान्येचं जेवण आणि गाणी कशी काय?

हे समजलं नाही तर बाकी सगळं नुसतं खाणंपिणं होऊन जातं, म्हणून इथं जरा सविस्तर लिहिते.

ब्राझीलच्या ईशान्येला नोर्देस्ते म्हणतात, त्यात नऊ राज्यं येतात, बाहिया, पेर्नांबुको, सिआरा, पाराइबा वगैरे. किनारा हिरवा आहे, पण आत सेर्तांउ नावाचा कोरडा पट्टा आहे, काटेरी झुडपांचा, आणि पाऊस एक वर्ष पडला तर पुढची दोन वर्षं पडेलच याची खात्री नाही. 1877 ते 1879 चा दुष्काळ तर इतका भयंकर होता की तिकडं अजून त्याच्या गोष्टी सांगतात. दुष्काळ पडला की माणसं निघायची, आणि विसाव्या शतकात ती निघाली दक्षिणेकडच्या शहरांत, रिओ आणि साओ पावलोला, बांधकामावर. प्रवास ट्रकच्या हौद्यात, आडव्या फळ्यांवर बसून, वरच्या दांड्याला धरून. त्या ट्रकांना लोक "पाउ-दे-आरारा" म्हणायचे, म्हणजे पोपटाचा दांडा. त्या दांड्यावर माणसं कित्येक दिवस तशीच बसून यायची.

हे ट्रक रिओत येऊन थांबायचे ते साओ क्रिस्तोवाओच्या मैदानात. 1945 पासून तिथं फेइरा भरायला लागली असं धरतात. आधी आलेली माणसं नव्यांना घ्यायला यायची, गावाकडची चिठ्ठी आली का बघायची, ट्रकमधून आलेला गूळ, खारवलेलं मांस, कसाव्याचं पीठ विकत घ्यायची, आणि कुणाजवळ तरी अकॉर्डियन असायचंच. मुंबईत कोकणची एसटी येते तेव्हा गावचा डबा, फणसाची पोळी आणि चार बातम्या उतरतात ना, तसंच. अनेक दशकं हा बाजार उघड्यावर भरायचा, 2003 मध्ये तो पॅव्हेलियनच्या आत आला. म्हणजे ही जागा कुणी पर्यटकांसाठी थीम ठरवून बांधलेली नाही, आधी भूक आणि गाणं आलं आणि भिंती मागाहून मिळाल्या.

लुईझ गोंझागा कोण?

दारातच त्यांचा ब्रॉंझचा पुतळा आहे, चामड्याची गोल टोपी आणि छातीवर अकॉर्डियन. जन्म 13 डिसेंबर 1912, पेर्नांबुकोमधलं एशू नावाचं गाव, वडील अकॉर्डियन वाजवायचे आणि दुरुस्तही करायचे. 1930 मध्ये पोरगं घरातून निघून फौजेत भरती झालं, 1939 मध्ये फौज सोडून रिओत आलं आणि बंदराजवळच्या बारमध्ये पोटासाठी टँगो, वॉल्ट्झ, लोकांना जे हवं ते वाजवायला लागलं. एकदा सिआराच्या काही विद्यार्थ्यांनी त्यांना विचारलं की तुमच्या गावाकडचं काही वाजवत नाही का. त्यांनी वाजवलं आणि बार डोक्यावर घेतला लोकांनी. 1941 मध्ये रेडिओच्या स्पर्धेत तेच गावाकडचं वाजवून पूर्ण मार्क मिळवले आणि पुढं बायांउ नावाचा ठेका सगळ्या देशात नेला, म्हणून त्यांना बायांउचा राजा म्हणतात. 1947 मध्ये त्यांनी उंबेर्तो तेइशेइरा यांच्याबरोबर केलेलं दुष्काळावरचं "आझा ब्रांका" हे गाणं फेइरात गेल्यावर तुम्हाला ऐकू येणारच, एखाद्या टेबलावर कुणीतरी डोळे मिटून म्हणत असतं. 1989 मध्ये ते गेले. त्यांचा वाढदिवस, 13 डिसेंबर, ब्राझीलमध्ये राष्ट्रीय फोहॉ दिवस म्हणून साजरा होतो, फोहॉ म्हणजे ईशान्येचं हे नाचगाणं.

फोहॉ की फोर्रो? आणि ते इंग्रजी "फॉर ऑल" वरून आलंय हे खरं का?

उच्चार फोहॉ, पोर्तुगीजमध्ये शब्दाच्या मधला डबल र रिओत ह सारखा येतो. "फॉर ऑल" ची गोष्ट सगळे सांगतात, की इंग्रज रेल्वेवाले सगळ्यांसाठी नाच ठेवायचे आणि पाटी लावायचे म्हणून. गोष्ट छान आहे पण खरी नाही. "फोहोबोदॉ" म्हणून जुना शब्द आहे, गोंगाटाचा, धिंगाण्याचा गावठी नाच, तो तोकडा होऊन फोहॉ झाला. फोहॉ हे एका ठेक्याचं नाव नाही हेही लक्षात ठेवा. त्यात संथ शॉची येतो, मधला बायांउ येतो, जोरात पळणारा आहास्ता-पे येतो, पाय घासत करायचा शाशादू येतो, आणि ज्या कार्यक्रमात हे सगळं होतं त्यालाही फोहॉच म्हणतात. फोहॉची पारंपरिक मुळं 2021 मध्ये ब्राझीलचा सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदवली गेली.

फक्त तीन वाद्यं? मग एवढा आवाज कसा?

पारंपरिक त्रिकूट म्हणजे सान्फोना (अकॉर्डियन), झाबुंबा (कमरेशी आडवा लटकवलेला चपटा ढोल) आणि ट्रँगल. बस.

पहिल्या वेळी मी स्टेजच्या अगदी कडेला उभी राहिले आणि फक्त ट्रँगलवाल्याच्या डाव्या हाताकडं बघत बसले. लोखंडी सळईचा त्रिकोण त्यानं बोटांवर अडकवलेला, उजव्या हातातली कांडी एकसारखी फिरतेय, कुठं थांबत नाही, आणि सगळी गंमत डाव्या मुठीत आहे, मूठ मिटली की आवाज बंद, चिक चिक, आणि मूठ उघडली की टिंगऽ, बस तेवढंच, उघडझाप. पण रात्रभर ते चालतं आणि एकदाही घसरत नाही. झाबुंबावाल्याचे दोन हात दोन वेगळी कामं करतात. वरच्या कातड्यावर जाड टिपरू, धूम, खालच्या कातड्यावर बारीक लवचीक काडी, कट्. त्या काडीला बाकाल्याउ म्हणतात, म्हणजे खारवलेला कॉड मासा. बायांउमध्ये पहिली धूम बरोबर समेवर पडते आणि दुसरी टाळीच्या जराशी आधी, त्यामुळं तुम्ही टाळी द्यायला जाता आणि ढोल आधीच वाजून गेलेला असतो, आणि त्या रिकाम्या जागेतच पाय उचलला जातो. हे ऐकताना ज्याचा पाय हलला नाही असा माणूस मी अजून बघितला नाही.

सान्फोना ऐकायला आपल्या पेटीच्या जवळची वाटेल, भाता दोन्हीकडं आहेच, फक्त ती छातीवर घेऊन वाजवतात आणि भाता ओढताना वाजवणाऱ्याचं अख्खं अंग त्यात जातं.

स्टेजवर खूप गर्दी असते, अजून कुठं गाणं ऐकायला मिळेल?

मधोमध प्रासा कातोले दो होशा नावाचा चौक आहे, तिथं हेपेंचीस्ता बसतात. चुकवू नका, माझ्या मते फेइरातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे, आणि पर्यटक नेमके तिथून चालत पुढं जातात कारण तिथं ना नाच ना झगमग, दोन खुर्च्या आणि दोन माणसं.

दोघांच्या हातात दहा तारांची व्हियोला, आणि दोघं एकमेकांशी गाण्यात भांडतात, ते पण तिथल्या तिथं रचून. सहा ओळींचं कडवं, प्रत्येक ओळीत सात अक्षरं, आणि समोरच्यानं शेवटच्या ओळीत जे यमक टाकलं ते उचलूनच तुम्ही सुरुवात करायची. ऐकणारे विषय देतात, आणि त्यावर पुढच्याच क्षणी कडवं तयार. आपल्याकडचे कलगी-तुऱ्याचे फड, सवाल-जवाब, भेदिक शाहिरी ज्यांनी ऐकलीय त्यांना एक शब्द पोर्तुगीज न येताही कळतं काय चाललंय, कोण कुणाला कात्रीत पकडतंय ते चेहऱ्यावरच दिसतं. तुम्ही उभे राहिलात तर तुमच्यावरही कडवं येणार, तुमच्या शर्टवर, तुमच्या टकलावर, तुम्ही कुठून आलात त्यावर. "ईंदिया" एवढं म्हणा आणि बघा. मग समोरच्या टोपीत पैसे टाका, तो त्यांचा पोटाचा धंदा आहे, फोटो काढून सटकू नका प्लीज.

दोरीवर लटकवलेली छोटी पुस्तकं कसली?

कोर्देल. कोर्देल म्हणजे दोरीच. पद्यात लिहिलेल्या गोष्टी, पातळ पुस्तिका, आठ, सोळा, बत्तीस पानांच्या, मुखपृष्ठावर लाकडी ठशाचं चित्र. डाकूंच्या गोष्टी, भूतखेतं, दुष्काळ, निवडणुका, सैतानाला फसवणारा गरीब माणूस, सगळं असतं त्यात. लिआंद्रो गोमेस दे बार्रोस (1865 ते 1918) हे यातले पहिले मोठे कवी. विकणारा उभा राहून मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि ऐन रंगात आल्यावर थांबायचा, पुढचं हवं असेल तर विकत घ्या. स्वस्त असतात, वजन नसतं, भाषा येत नसली तरी चित्रासाठी घ्या.

बरं, आता जेवणाचं सांगा. काय मागवू?

उपाशी जा, ही पहिली अट. ताटं दोघांची-तिघांची असतात, मेनूवर किती जणांना पुरेल ते लिहिलेलं असतं, एकट्यानं एक मागवलं तर निम्मं पॅक करून आणावं लागतं.

सुरुवात बायांउ दे दोइसपासून करा. नाव ठेक्यावरूनच आलंय, "दोघांचा बायांउ", आणि ते दोघं म्हणजे भात आणि चवळी, एकाच भांड्यात. चवळी हीच आपली चवळी, तिकडं ती आफ्रिकेतून आली. वर केइजो कोआल्यो नावाच्या चीजचे तुकडे आणि बाटलीतलं लोणी. हे बाटलीतलं लोणी, मांतेगा दे गाराफा, बघून मी अक्षरशः हसले, कारण ते आपलं तूपच आहे, लोणी कढवून पाणी उडवलेलं, फक्त ते घट्ट होत नाही म्हणून बाटलीत भरतात. गरम भातावर ओता, वास घ्या, पुढचं तुमचं तुम्हाला कळेल. आमच्याकडं पाहुणे आले की मी वरणभातावर तेच वाढते.

कार्नी दे सोल म्हणजे "उन्हातलं मांस", गोमांस हलकं मीठ लावून वाऱ्यावर सुकवलेलं, खरं तर सावलीतच वाळवतात. कोळशावर भाजून, कांद्याबरोबर, शेजारी तळलेला कसावा. ज्या भागात जनावर रोज कापत नाहीत आणि फ्रीज नव्हते तिथली ही पद्धत, आणि चवीला मऊ, चामड्यासारखी अजिबात नाही. केइजो कोआल्यो तुम्ही नुसतंही घ्या, सळईवर भाजून मिळतं, वितळत नाही, आपल्या पनीरसारखं घट्ट राहतं आणि चावताना दातात चूंचूं आवाज येतो, वर उसाची काकवी. मक्याच्या रव्याचं वाफवलेलं कुस्कुस म्हणजे त्यांचा नाश्त्याचा उपमा, त्यावर लोणी आणि दूध. धाडस असेल तर बुशादा, बकऱ्याच्या पोटात आतडी-काळीज भरून शिजवलेली, वजडी आवडणाऱ्यांना लगेच आपलीशी वाटेल.

बाहियाचं आकाराजे मिळालं तर सोडू नका. चवळी भिजवून, सालं काढून, वाटून, पामच्या लालभडक तेलात तळलेला वडा, मधून चिरून आत सुकी कोळंबी आणि तिखट. करणाऱ्या बायका पांढऱ्या लेसच्या घेरदार कपड्यात, आणि त्यांचा हा व्यवसाय 2005 मध्ये ब्राझीलनं वारसा म्हणून नोंदवला.

गोडात कार्तोला, तळलेलं केळं, वर भाजलेलं चीज, साखर आणि दालचिनी. आणि हापादुरा, म्हणजे गूळ. ढेप तीच, रंग तोच, फक्त जरा कडक. सेर्तांउमधले गुराखी खिशात हापादुरा आणि कसाव्याचं पीठ टाकून दिवसभर हिंडायचे.

तापिओका म्हणजे साबुदाणाच ना?

आई गं, हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. भाऊबंद म्हणा. दोन्हीचं मूळ एकच, कसावा, ज्याला ब्राझीलच्या तुपी लोकांनी मांदिओका म्हटलं आणि ईशान्येत माकाशेइरा म्हणतात, रिओत आइपिं. तो कंद किसून, पिळून, पाणी निवळत ठेवलं की खाली जो पांढरा स्टार्च बसतो, त्याचे गोळे करून भाजले की आपला साबुदाणा, भारतात तो बहुतेक तमिळनाडूत सेलमकडं होतो. आणि तोच स्टार्च ओलसर ठेवून चाळला की तापिओकाचा गोमा.

करताना बघा एकदा. बाई हातानं चाळणीतून ते पांढरं पीठ कोरड्या तापल्या तव्यावर पाडते. तेल नाही, पाणी नाही, नुसतं पीठ, भुरभुरीत, फुंकर मारली तर उडून जाईल असं. चमच्याच्या पाठीनं कडा गोल करते आणि थांबते. तीस-चाळीस सेकंदांत ते सगळे कण आपोआप एकमेकांना धरतात आणि घावनासारखा अख्खा गोल सुटून येतो. ती उलटते, ओलं खोबरं आणि चीज टाकते, दुमडते, हातात देते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तिला म्हटलं परत करून दाखवा, आणि तिनं दाखवलं.

आणि एकादशीच्या ताटाचा विचार करा जरा. साबुदाण्याचा कंद ब्राझीलकडचा, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, मिरची त्याच बाजूची, बटाटा अँडीज पर्वतातला. आपली खिचडी सगळी समुद्रापलीकडून आलीय. पोर्तुगीजांच्या जहाजांतून काजूही आला, 16 व्या शतकात, गोव्यात लावला, आणि "काजू" हा शब्दसुद्धा तुपी भाषेतल्या "आकाजू" वरून आलाय. उलट दिशेनं आपला आंबा आणि फणस तिकडं गेले, रिओच्या डोंगरातल्या जंगलात आज फणस रानटी वाढतो.

सारापातेल आणि गोव्याचं सोरपोतेल एकच का?

आजी एक, नाती दोन. मूळ पोर्तुगालचं, डुकराचं काळीज वगैरे आणि रक्त. गोव्यात त्याला व्हिनेगर आणि मिरची मिळाली, ते दोन-तीन दिवस मुरवून सान्नांबरोबर खातात. ईशान्य ब्राझीलमध्ये ते सौम्य राहिलं, कोथिंबीर भरपूर, आणि बरोबर कसाव्याचं पीठ. गोव्याचे कुणी बरोबर असतील तर हे मागवाच, त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

नाही, पण बोलावं लागेल. ब्राझीलमध्ये "सें कार्नी" (मांस नको) म्हटलं तर लोक फक्त बीफ काढतात. मी एकदा एका स्टॉलवर असंच सांगून तापिओका घेतला आणि आत हॅम निघालं, त्या माणसाचं काही चुकलं नव्हतं, त्याच्या लेखी हॅम म्हणजे कार्नी नव्हेच. म्हणून नावं घेऊन सांगा, कोंबडी नको (फ्रांगू), हॅम नको (प्रेझुंतू), बेकन नको, मासा नको (पेइशी). "सोउ वेजेतारिआनू", बाईनं म्हणायचं असेल तर "वेजेतारिआना".

बायांउ दे दोइसमध्ये पुष्कळदा बेकन किंवा सुकं मांस घालतात, न विचारता घेऊ नका. चवळीतही तेच. बिनधास्त घ्या ते म्हणजे खोबऱ्या-चीजचा तापिओका, भाजलेलं केइजो कोआल्यो, कुस्कुस, कार्तोला, मक्याची पामोन्या. तळलेला कसावाही छान पोटभर होतो, फक्त कढई वेगळी आहे का विचारा. बीफ खात नसाल पण मटण चालत असेल तर बकऱ्याचे पदार्थ भरपूर आहेत, बोजी म्हणजे बोकड.

प्यायला काय? दारू पीत नाही.

काजुइना. पिआउई राज्याची खासियत, काजूच्या बोंडाचा रस गाळून, तुरटपणा काढून, बाटलीतच तापवलेला, त्यामुळं त्याला मधासारखा पिवळा रंग येतो. दारू अजिबात नाही. आपल्याकडं बोंडाची फेणी होते आणि तिकडं असा थंड स्वच्छ रस, दोन्ही एकाच फळाचे. उसाचा रसही मिळतो. घेणाऱ्यांसाठी काशासा आहे, उसाच्या रसाची दारू, पण ती सोड्यासारखी ढोसू नका, नाचायला पाय लागतात.

कधी जावं?

शुक्रवार, शनिवारची रात्र नाहीतर रविवारची दुपार. मधल्या वारी दिवसा हॉटेलं चालू असतात, जेवण शांतपणे होतं, पण स्टेजं थंड असतात आणि मग अर्धीच फेइरा बघितल्यासारखं होतं. मला विचाराल तर रविवार दुपार. घरची माणसं, आजोबा-आजी, न्हाणूनमाखून आलेली, चाळीस वर्षं एकमेकांबरोबर नाचणारी जोडपी, आणि हेपेंचीस्ता पण रंगात असतात. शनिवारी रात्री तरुण गर्दी आणि आवाज जास्त. सणासुदीला वेळा बदलतात, त्यामुळं निघायच्या दिवशी त्यांच्या इन्स्टावर बघून घ्या.

तिकीट किती? बिलात काही छुपं असतं का?

वीकेंडला दारावर थोडेसे रियाल घेतात, फार नाही. हॉटेलच्या बिलात दहा टक्के सर्व्हिस लावायची ब्राझीलभर पद्धत आहे, आणि लाइव्ह म्युझिक असेल तर "कुव्हेर आर्तीस्तिकू" म्हणून माणशी थोडी रक्कम येते. ती कलाकारांसाठीची, बसायच्या आधी किती आहे ते विचारा आणि आनंदानं द्या. कार्ड चालतं, पण सुटे पैसे ठेवा, कोर्देल आणि गायकांसाठी.

कसं जायचं? सेफ आहे का?

साओ क्रिस्तोवाओ नावाचं मेट्रो स्टेशन आहे खरं, पण ते बागेच्या पलीकडच्या बाजूला पडतं, चालत बरंच अंतर आहे. दिवसा ठीक, रात्री अ‍ॅपची गाडी करा आणि जाताना-येताना गेटवरच चढा-उतरा. आत गर्दी घरगुती असते, मला कधी भीती वाटली नाही, बाहेर मात्र फोन हातात नाचवत फिरू नका, रिओत कुठंही नको तसंच. दुपारी आलात तर आधी शेजारची किंता दा बोआ विस्ता बाग बघा, पूर्वी राजवाडा असलेलं नॅशनल म्युझियम तिथंच आहे, 2018 मध्ये आगीत जळलं ते. आणि त्याच भागात व्हास्को द गामा नावाच्या फुटबॉल क्लबचं स्टेडियम आहे. हो, तोच कालिकतवाला, त्याच्या भारतप्रवासाला 400 वर्षं झाली म्हणून 1898 मध्ये क्लबला ते नाव दिलं.

खरं सांगा, टुरिस्ट लोकांसाठी केलेलं नाटक तर नाही ना?

मागं एकदा एका मैत्रिणीनं हेच विचारलं, आम्ही जेवत होतो तेव्हा. शेजारच्या टेबलावर एक म्हातारे गृहस्थ एकटे होते, समोर चवळीभाताचं ताट, आणि स्टेजवर शॉची सुरू झाला. त्यांनी चमचा खाली ठेवला, गाणं संपेपर्यंत घास घेतला नाही, संपल्यावर रुमालानं डोळे पुसले आणि परत जेवायला लागले. मैत्रीण पुढं काही बोलली नाही.

आत कॅराओके आहे, प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, चायनीज खेळण्यांची दुकानं आहेत, अॅम्प्लिफायर लावलेले बँड फोहॉच्या नावाखाली पॉप वाजवतात, हे सगळं आहे. मला त्यातलं सगळं आवडत नाही, तिन्ही बाजूंनी स्पीकर लागले की त्रिकुटाचा ट्रँगल ऐकूच येत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण ती माणसं आज जे ऐकतात तेच तिथं वाजतं, त्यांनी आपल्यासाठी 1950 सालात थांबून राहावं असं आपण कोण म्हणणार. तुम्ही फक्त जेवताना गाण्याकडं पाठ करून बसू नका एवढंच सांगेन, खुर्ची फिरवून घ्या.

नाचता येत नाही. नुसतं बसलं तर चालतं का?

चालतं, पण बसू देत नाहीत. कुणीतरी हात पुढं करणार, ती तिथली रीत आहे, त्यात बहुतेक वेळा दुसरं काही नसतं, आणि नको असेल तर हसून "ओब्रिगादा, नांउ" म्हटलं की विषय संपतो (पुरुष असाल तर "ओब्रिगादू"). शिकायचं असेल तर शॉचीवर उतरा, दोन पावलं इकडं, दोन पावलं तिकडं, गुडघे सैल. सपाट चप्पल घाला.

जूनमध्ये येतोय, काही वेगळं असतं का?

नशीबवान आहात! जून म्हणजे फेस्ता जुनिना. 13 ला संत अँथनी, 24 ला संत जॉन, 29 ला संत पीटर, आणि ईशान्येत हा सण नाताळाइतका मोठा, कारण मक्याचं पीक हातात आलेलं असतं. सगळीकडं रंगीत पताका, शेकोटी, मक्याचे पंचवीस पदार्थ, ठिगळं लावलेले कपडे घालून खोट्या लग्नाचा खेळ आणि कुआद्रिल्याचा समूहनाच. फेइरात तेव्हा पाय ठेवायला जागा नसते, तरीही तेव्हाच जा.

रिओला जमणार नाही, साओ पावलोपर्यंतच येतोय.

तिथं लिमांउ भागात ईशान्य परंपरांचं केंद्र आहे, सगळे त्याला सेते-एनि म्हणतात, 1991 पासूनचं, जेवण आणि फोहॉ दोन्ही. आणि थेट ईशान्येत जायला मिळालं तर पेर्नांबुकोमधलं कारुआरू, तिथला बाजार 2006 मध्ये वारसा म्हणून नोंदलाय, नाहीतर जूनमध्ये पाराइबातलं कांपिना ग्रांजी. या दोन शहरांत सगळ्यात मोठा संत जॉनचा उत्सव कुणाचा यावर कायम चुरस असते, दोघांनाही विचारा, दोघंही आपलंच म्हणतात.

परत येताना काय आणू?

काजूच्या बोंडांची मिठाई, हापादुरा, दोन-चार कोर्देल. बाटलीतलं लोणी आणायचा मोह होतो पण बॅगेत फुटतं, माझ्या एका साडीला अजून त्याचा वास येतो. कसाव्याचं भाजलेलं पीठ मात्र जरूर घ्या, घरी तुपात कांदा, लसूण, जिरं परतून त्यात टाका, दोन मिनिटं हलवा, वरणभाताशेजारी वाढा. माझ्या सासूबाई त्याला ब्राझीलचा चिवडा म्हणतात आणि दर फोनवर विचारतात की पुढच्या वेळी किती किलो आणतेस.